कुणी अडवलंय?

जुई झोपली की शलाका तिच्या नाकापुढे बोट धरायची. श्वास लागला की बोट मागे. पाणी पिऊन आली की पुन्हा बोट. धुणं वाळत घालताना मध्येच बादली सोडून आत यायची. ओल्या बोटाला श्वास चटकन कळतो, म्हणून पुढे पुढे बोट ओलं करूनच धरायला लागली. लेकरू तान्हं होतं तोवर या सवयीला घरात सगळे हसले. ते रांगायला लागलं तेव्हा हसणं कमी झालं. मग ते धरून उभं राहायला लागलं, आणि शलाकाची भूक, झोप, कॉलेजातली नोकरी एकेक करून जायला निघाली, तेव्हा हसायला कुणी उरलं नाही.

अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ती राज्यशास्त्र शिकवायची. रजा संपवून रुजू झाली खरी, पण फळ्याकडे तोंड केलं की तिथे निळी पडलेली जुई दिसायची. खरी जुई त्या वेळी आजीच्या बांगड्यांच्या दुकानात, गादीवर बसून गिऱ्हाइकांकडे बघत लाळ गाळत असायची. तरी शलाका तास अर्धा टाकून बिनचालकाची रिक्षा पकडायची, दुकानात येऊन बोट धरायची आणि परत जायची. कधीकधी परत जायचीच नाही.

"कुणी अडवलंय का तुला?" लातूरला नोकरीला असलेला, शनिवारी घरी येणारा तिचा नवरा विक्रांत विचारायचा. टोमणा नव्हता तो. त्याला खरंच कळत नव्हतं. "आई आहे सांभाळायला. नोकरी कर म्हणून आम्हीच मागे लागलोय. दार उघडं आहे, शलाका."

दार उघडंच होतं. उघड्या दारातून बाहेर पडता येत नाही ही तक्रार कुणाकडे करायची, एवढाच प्रश्न होता.

ती ऐकून घेतली मेंदूच्या डॉक्टर इनामदार बाईंनी. शेवटी त्यांनी कागदावर एक लाट काढली.

"आपल्याला वाटतं, आधी आपण ठरवतो आणि मग हात उचलतो. पण हात हलायच्या थोडं आधीच मेंदूत एक लाट उठायला लागलेली असते. 'उठावं' हे आपल्या ध्यानात येतं ते त्यानंतर. लाट उठणं आणि हात उठणं यांच्यामध्ये एक बारीक फट असते. माणूस थांबतो तो त्या फटीत. 'जाऊ दे' म्हणतो तो तिथेच. तुमच्या काळजीच्या लाटा इतक्या उंच झाल्यात, की फटच बुजलीय."

'आवर' नावाचं यंत्र त्या फटीत काम करायचं. चिंचोक्याएवढी पट्टी, कानामागच्या कातडीखाली बसवलेली. पहिले काही दिवस ती नुसती ऐकत राहायची. लेकराला पाजायला घेतानाची लाट कशी असते, खेळवतानाची कशी आणि तपासायला जातानाची कशी, हे शिकून घ्यायची. या लाटांचे आकार वेगळे असतात. ओळख पटली की मग फक्त तपासणीची लाट उठताना पट्टी एक सूक्ष्म ध्वनी आत सोडायची, माणसाला ऐकू न येणारा. त्यानं लाट मोडत नसे, सैल पडत असे. फुगा हातातून निसटावा तशी ओढ निसटून जायची आणि हात मांडीवरच राहायचा.

"यंत्र तुम्हाला काही करायला लावणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काय नको ते तुम्हीच सांगायचं, मन शांत असताना. तुमचा शब्द ते तुमच्यासाठी पाळेल."

एक मेख होती. काळजी अनावर झाली की माणूस आधी यंत्रच बंद करायला धावतो. म्हणून पातळी कमी-जास्त करायला किंवा यंत्र थांबवायला खुद्द धारकाचा आवाज चालत नसे. घरातल्या दुसऱ्या एकाचा आवाज त्यात भरून ठेवायचा. त्याला राखणदार म्हणत. लातूरचा राखणदार काय कामाचा? शलाकानं सासूचं नाव दिलं.

सासू, चंद्रकलाबाई वेळापुरे, म्हणजे गावाच्या कासारकाकू आणि शलाकाच्या आत्याबाई. सगळं ऐकून घेऊन त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "म्हणजे सुनेच्या डोक्याची किल्ली माझ्याकडं? लिहून द्या बाई तसं. गल्लीत दाखवीन म्हणते."

पट्टीचं शिकणं संपलं आणि शलाका झोपली. भर दुपारी जुईशेजारी आडवी झाली ती दिवेलागणीलाच उठली. उठल्यावर तिला आधी काही सुधरेना. मग आठवलं, की मध्ये एकदाही बोट धरलं नव्हतं आणि जुई शेजारी बसून तिच्याच गाऊनचं बटण चोखतेय. शलाका रडली. आत्याबाई धावत आल्या तेव्हा तिला सांगता येईना की हे रडणं चांगलं आहे. यंत्र बनवणारे कोण, कुठले, तिला माहीत नव्हतं. पण त्या दिवशी त्यांच्या घरीही लेकरं असतील तर ती सुखात राहोत, असं तिनं मनापासून म्हटलं.

पुढचे महिने भरल्या घरासारखे गेले. कॉलेजात तिचे तास पुरे व्हायला लागले. पोरं तिच्या तासाला मागच्या बाकांवरून पुढे सरकली.

एक दिवस विषय स्वातंत्र्याचा निघाला. वैभवी केंद्रे नावाची मुलगी उभी राहिली. "मॅडम, आमच्या घरी म्हणतात, जा की कुठंबी, कुणी अडवलंय? पण स्कूटीची किल्ली काही देत नाहीत. मग मी स्वतंत्र का परतंत्र?"

वर्ग हसला. शलाकालाही हसू आलं.

"दोन गोष्टी आहेत यात," ती म्हणाली. "कुणी अडवू नये, हे एक स्वातंत्र्य. वाटेत काटे नकोत, दाराला कडी नको, पोलीस नको, बाप नको. आणि मला जायचंय तिथे मला खरंच जाता यावं, हे दुसरं. त्याला किल्ली लागते, पेट्रोल लागतं, चालवायचं अंगात लागतं. पहिलं असून दुसरं नसलं की माणूस उघड्या दारात बसून राहतो." हे वाक्य आपण कुठून आणलं ते तिलाच ठाऊक होतं.

"मग मॅडम, समजा किल्ली दिली," वैभवी बसायला तयार नव्हती, "अन् वर म्हणले, तुझ्या मनात खरं काय आहे ते आम्हाला जास्त कळतं, तवा अमक्याच रस्त्यानं जायचं. मग?"

"म्हणूनच ते दुसरं स्वातंत्र्य अवघड आहे. तुझ्या भल्याचं नाव घेऊन तुलाच बांधता येतं त्यात. किल्ली कुणाच्या हातात आहे ते बघत राहायचं."

तास संपला. शलाका खुशीत स्टाफरूमकडे निघाली. आपल्या किल्लीचा विचार तिच्या मनात आला नाही. आला असता तरी काही वाटलं नसतं. ती आत्याबाईंच्याच तर हातात होती.

एका संध्याकाळी ती कॉलेजातून थेट दुकानात आली आणि स्टुलावर टेकली. जुई आता चालायला लागली होती. तिनं गादीवरची एक बांगडी उचलून फरशीवर टाकली. "वाढली गं माय," म्हणत आत्याबाई तुकडे वेचायला वाकल्या. कासाराच्या दुकानात बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद होत नाही, वाढवतात. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून आत्याबाईंच्या तोंडाला 'फुटणं', 'संपणं', 'बंद करणं' हे शब्द माहीतच राहिले नव्हते.

त्या वाकल्या तेवढ्यात जुई ओट्यावरून खाली गडगडली आणि तिनं भोकाड पसरलं.

शलाकाच्या आत काहीतरी उठलं आणि सैल पडलं. ती स्टुलावरच होती.

आत्याबाईंनी नात उचलली. "लेकरू पडलं अन् तू बसूनच?"

"रडतेय म्हणजे ठीक आहे, आत्याबाई. न रडती तर काळजी होती."

उत्तर बरोबर होतं. शलाकाच्या तोंडावर हसू होतं, तेही खोटं नव्हतं. आत्याबाई तिच्याकडे बघत राहिल्या. रात्रंदिवस बोट धरणारी सून त्यांनी पाहिली होती आणि तिच्यासाठी जीव तुटला होता. ही दुसरी त्यांना ओळखू येईना.

त्या रविवारी त्यांनी सुनेला पुढ्यात बसवलं आणि तिच्या डोक्याला तेल लावलं. कोमट तेल, कासारणीची बोटं. शलाका पेंगायला लागली. आत्याबाई तिच्या कानामागे बोट टेकवून काहीतरी पुटपुटल्या. पट्टीनं आपल्या गोड बायकी आवाजात एका शब्दाचं उत्तर दिलं. शलाकाला वाटलं, सासू देवाचं नाव घेतेय.

त्यानंतर घरात कमालीची शांतता आली. शलाकाला आधी कधीमधी हुरहूर तरी लागायची, तीही गेली. जुई जेवली नाही तर नाही जेवली. जुई खोकली तर खोकली. तिला वाटलं, आपण बऱ्या झालो. आत्याबाईही का कोण जाणे खूश होत्या. योगेश्वरीच्या देवळात जाऊन ओटी भरून आल्या आणि म्हणाल्या, "बघ, तुझी तूच सावरलीस." शलाकाला ते ऐकून बरं वाटलं.

मग तो बुधवार आला. जुईला सकाळपासून किरकिर होती म्हणून आत्याबाई तिला दुकानात न नेता घरीच ठेवून गेल्या होत्या. शलाकाचा सुट्टीचा दिवस. ती पुढच्या खोलीत खिडकीशी पेपर तपासत होती आणि जुई अंगणात मातीत खेळून येऊन तिथेच अंथरुणावर झोपली होती.

शलाकानं मान वर केली. जुईचे गाल लाल आहेत, तिनं पाहिलं. श्वास भरभर चाललाय. नाकपुड्या फुलतायत. बरगड्यांखाली खळगा पडतोय. हे सगळं तिला पेपरातल्या चुका दिसाव्यात तसं दिसलं. एकेकीखाली लाल रेघ ओढता आली असती. रेघ ओढून पुढच्या पेपरावर जाता आलं असतं.

तापानं फणफणलेल्या लेकराचं वर्णन तिला येत होतं. हे तेच आहे, हेही तिला कळत होतं. उठायचं तिनं ठरवलं. ठरवलं, आणि बसून राहिली. पुन्हा ठरवलं. काहीतरी उठायचं आणि सैल पडायचं. घरात कुणी नव्हतं, दाराला कडी नव्हती, तिच्या अंगावर कुणाचा हात नव्हता. कुणी अडवलंय, तिनं स्वतःला विचारलं, आणि पहिल्यांदा तिला त्याचं उत्तर माहीत होतं. सहा महिन्यांपूर्वीच्या शांत सकाळी शब्द दिलेली शलाका आजच्या शलाकाला उठू देत नव्हती. त्या वेळची ती शहाणी होती. पण ती इथे नव्हती, आणि जुई इथे होती.

भीती वाटायला हवी होती. तीही उठायच्या आधीच सैल पडत होती. तेव्हा शलाकानं भीतीची वाट सोडली. काळजी नसलेलं काहीतरी शोधायला हवं होतं. तिची नजर जुईच्या पायांवर गेली. तळवे मातीनं बरबटलेले होते आणि अंथरुणावर कालच धुतलेली चादर होती.

धुतलेल्या चादरीवर मातीचे पाय.

तिनं त्या वैतागाला कवटाळलं. फुगू दिला, वाढू दिला. कितीदा सांगायचं या घरात, पाय धुतल्याशिवाय अंथरुणावर नाही, कितीदा. आणि ती उठली. तरातरा गेली आणि जुईचा पाय धरला. पाय तव्यासारखा तापलेला होता.

लगेच आतलं सगळं पुन्हा निसटायला लागलं. शलाकानं पाय सोडला नाही. पाय धुवायचेत, ती मोठ्यानं म्हणाली आणि जुईला उचलून नळाशी नेलं. पाय धुतले. आता आत्याबाईंचा डबा द्यायचा राहिलाय. डबा न्यायचा तर लेकरू घरी एकटं कसं ठेवणार? जुई कडेवर, डबा हातात. आपल्याच मनाशी अशी एकेक लबाडी करत ती रिक्षात बसली, बाजारात उतरली आणि दुकानाच्या ओट्याशी उभी राहिली.

"आत्याबाई, डबा," ती म्हणाली.

आत्याबाईंचा हात डब्याकडे आला आणि वाटेत जुईच्या पाठीला लागला. त्यानंतर शलाकाला काही ठरवावं लागलं नाही. गिऱ्हाईक अर्ध्या बांगड्या भरलेल्या हातानं तसंच बसून राहिलं. आत्याबाईंनी नात हिसकावली, सुनेला दंडाला धरून ओढलं आणि रस्त्यातली पहिली रिक्षा आडवं जाऊन थांबवली. रिक्षाभर त्या शलाकाला बोलत होत्या. शलाका दंड सोडवून घेत नव्हती. घट्ट पकड तिला आयुष्यात कधी इतकी गोड लागली नव्हती.

फुफ्फुसात कफ भरला होता. नळी, औषधं, प्राणवायू. संध्याकाळी मुलांचे डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. ताप उतरतोय." आत्याबाईंनी त्यांना, नर्सला आणि पाणी आणून देणाऱ्या बाईला ओळीनं हात जोडले.

त्याच दवाखान्यात खाली बसणाऱ्या डॉक्टर इनामदार निरोप मिळून वर आल्या. त्यांनी शलाकाच्या कानामागे वाचक-यंत्र टेकवलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "पातळी शेवटच्या टोकाला आहे. कुणी वाढवली?"

"मी वाढवलं," आत्याबाई म्हणाल्या. "रविवारी, तेल लावताना."

"का?"

"का म्हणजे? लेकरू पडलं तरी ही जागची हलेना. म्हणून म्हणलं, बास झालं, आता वाढवा हे. त्या बाईनं ऐकलं की माझं. म्हणाली, वाढवलं."

"अहो, तेच म्हणते मी. वाढवलं."

"तर! वाढवलंच होतं. मग हे चालू कसं?"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मध्ये शलाका होती. तिच्या पोटातून हसू उठलं. आधी बारीक, मग खाटेचा दांडा धरावा लागेल इतकं. हसू सैल करायला पट्टीला कुणी शिकवलं नव्हतं. "डॉक्टर," ती कशीबशी म्हणाली, "आमच्या दुकानात रोज रात्री दुकान वाढवतात. कुलूप लावून."

इनामदार बाईंना कळायला क्षण लागला. मग त्यांनी कपाळावर हात मारला. यंत्राला मराठी शिकवणारे बहुधा कासाराच्या दुकानात कधी बसले नव्हते. "चूक आमची आहे," त्या म्हणाल्या. "बनवणाऱ्यांना आजच कळवते. पातळी मी आत्ता पूर्ववत करते. आणि राखणदार बदलून..."

"काढून टाका," शलाका म्हणाली.

आत्याबाई पुढे झाल्या. "काही काढायचं नाही. पहिल्यावाणी खाली आणा बाई, अन् राहू द्या. हिचे ते दिवस मी बघितलेत. डोळे कसे झाले होते हिचे."

"आत्याबाई खरं बोलतायत," डॉक्टर म्हणाल्या. "ती काळजी परत येऊ शकते. सहा महिन्यांत मेंदूला फट धरून ठेवायची सवय लागते काहींच्या. काहींच्या नाही. मी खात्री देणार नाही."

शलाकानं काचेपलीकडच्या जुईकडे पाहिलं. "यानं मला माझं आयुष्य परत दिलं, डॉक्टर. हे नसतं तर मी आज उभी नसते, ते मी विसरणार नाही. पण याला फक्त 'नको' कळतं. मला काय हवं ते याला सांगता येत नाही, कारण ते मलाच आधीपासून माहीत नसतं. ते त्या त्या वेळी कळतं. तेव्हा मला उठता आलं पाहिजे." थोडं थांबून ती म्हणाली, "परत वाईट दिवस आले तर मी आपल्या पायांनी तुमच्याकडे येईन. नाही आले, तर आत्याबाई ओढून आणतील. त्यांना येतं ते."

"दंड धरून," आत्याबाई म्हणाल्या. 

जुई घरी आल्यानंतरच्या आठवड्यात पट्टी निघाली. एका टाक्याचं काम. न्यायला आलेल्या तंत्रज्ञापुढे ती स्टीलच्या वाटीत होती. आत्याबाईंनी त्याला थांबवलं, पिशवीतून करंडा काढला आणि चिंचोक्याएवढ्या त्या वस्तूला हळदकुंकू वाहिलं.

"ताई, हे परत प्रयोगशाळेत जाणार आहे," तो अवघडून म्हणाला.

"जाऊ दे की. सहा महिने घर सांभाळलं त्यानं. तसंच कोरडं पाठवायचं का? आणि त्या शिकवणाऱ्यांना सांगा, दुकानात या म्हणावं एकदा. चहा पाजते अन् मराठी शिकवते."

पहिले दिवस कठीण गेले. काळजी परत आली, माहेरी आलेल्या नणंदेसारखी, सगळ्या घरात फिरून ठेवणीतल्या वस्तू उचलून बघणारी. शलाकानं पुन्हा बोट धरलं. एका सकाळी तर आत्याबाईंनी पदराला हात पुसत इनामदार बाईंचा नंबर लावायला घेतला होता. शलाकानं मान हलवून 'नको' म्हटलं. त्यांनी ऐकलं.

आज शनिवार. विक्रांतची गाडी यायला वेळ आहे. जुई पुढच्या खोलीत झोपलीय, आत्याबाई दारात बसून बांगड्यांच्या मापाच्या जोड्या लावतायत. शलाका पेपर तपासत असताना ती ओढ आली, ओळखीची, पोटातून वर. ती उठली. उभी राहिली. श्वासाला घरघर येतेय का, बरगडी ओढली जातेय का, असं स्वतःला विचारलं. तसं काही नव्हतं. ओढ अजून होती, चांगली जोरात होती, कुणीही ती सैल करत नव्हतं. ती धरून शलाका क्षणभर उभी राहिली आणि मग खाली बसली.

आत्याबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काय गं?"

"काही नाही. उठले होते."

"मग?"

"मग बसले."

"कुणी बसवलं?"

"कुणीच नाही, आत्याबाई." डोळ्यांत पाणी का आलं ते तिला कळलं नाही. "माझी मीच बसले."

आत्याबाईंनी हातातली जोडी बाजूला ठेवली. मग बांगड्यांची पुढची जोडी उचलत म्हणाल्या, "उठलीच होतीस तर चहा तरी टाकायचास."

शलाका पुन्हा उठली. स्वयंपाकघराच्या वाटेवर जुईचं अंथरूण होतं. आता वाटेतच होतं, तर बघितलं तिनं एकदा, चांगलं वाकून.